सीटखालचं इंजिन

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला पार्किंगमध्ये एक नजर टाका. चकचकीत गाड्या पुढच्या रांगेत असतात, आणि भिंतीला लागून, जेवणाच्या भांड्यांच्या जवळ, तीन-चार व्हॅन उभ्या असतात. साउंडचे खोके त्यांतूनच येतात, पत्रावळ्या त्यांतूनच येतात, आणि कार्यक्रम संपल्यावर पायऱ्या चढता-उतरता न येणाऱ्या आज्याही त्यांतूनच घरी जातात. ज्याच्याकडे व्हॅन आहे त्याचा फोन नंबर नात्यातल्या प्रत्येकाकडे असतो. मी त्यातलाच एक. म्हणून या महिन्यात व्हॅनबद्दल.

थोडा इतिहास, पटकन. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. हिंदी सिनेमात कुणालाही पळवायचं असलं की हीच गाडी यायची, सरकत्या दरवाज्यामुळे. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधे २००१ साली व्हर्सा आली, तिच्या जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक दोघे होते, तरी ती चालली नाही. तीच गाडी साधी करून २०१० मध्ये ईको म्हणून आणली आणि ती मात्र धडाधड खपली. आज बेळगावात भाजीवाल्यापासून कॅटरिंगवाल्यापर्यंत सगळ्यांकडे ईको आहे, आणि बऱ्याच घरांतही.

या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान आहे, आणि व्हॅनच्या मालकाचं सगळं शहाणपण तिच्याभोवती फिरतं. इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे. रेडिएटर मात्र नाकाजवळ, गाडीच्या पुढच्या टोकाला. तिथून इंजिनापर्यंत पाणी जमिनीखालच्या लांब पाइपांतून येतं-जातं. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना जाते. साध्या कारमध्ये बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर असतं, काही ठिबकत असेल तर दिसतं. व्हॅनमध्ये पुढचं छोटं झाकण उघडून इंजिन दिसत नाही. ते बघायला सीट उचलावी लागते, आणि सीट उचलायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. त्यामुळे या गाडीची दुखणी हळूहळू वाढत जातात आणि घाटात एकदम बाहेर पडतात.

आमची ईको २०१६ ची, पाच सीटची, एसी आणि हीटरवाली. २०२१ मध्ये मी ती सेकंडहँड घेतली. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगी, आणि शेजारीच काका-काकू. आमचं कुलदैवत गोव्यात, त्यामुळे वर्षातून निदान दोनदा बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असा रस्ता ठरलेला. व्हॅनसाठी याहून चांगली परीक्षा नाही. जाताना घाट उतरायचा, म्हणजे ब्रेकचा पेपर. येताना चढायचा, म्हणजे इंजिनाचा पेपर. आणि येतानाच गाडीत नारळ, काजू आणि आणखी एक पाहुणा वाढलेला असतो.

हा पेपर केवढा अवघड, ते एकदा आकड्यांत बघा, अकरावीचं फिजिक्स पुरेसं आहे. भरलेली गाडी चौदाशे किलोच्या आसपास धरा. घाटाची उंची साडेसातशे मीटर धरा. वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार केला की एक कोटीहून थोडे जास्त ज्यूल येतात, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ तीन युनिट. घाट उतरताना ही तीन युनिटं कुठेतरी जिरवावी लागतात. इंजिनाच्या आवळण्यात जिरवा, नाहीतर ब्रेकमध्ये उष्णता म्हणून. चढताना तेवढंच काम इंजिनाला करावं लागतं. आणि पेट्रोलच्या इंजिनात ढोबळमानाने जितकी ऊर्जा चाकांना मिळते तितकीच उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते. दोन किलोवॉटचा गीझर दीड तास चालवल्यावर जेवढी उष्णता तयार होते तेवढी, आणि घाट तर त्याहून निम्म्या वेळात चढून होतो. तो गीझर तुमच्या सीटखाली आहे.

आधी उताराबद्दल. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, हे सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे आमच्या नात्यातही आहेत. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाला पेट्रोल जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचवायला निघाले आणि खर्च करून बसले, शिवाय सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद करून उतरणारे तर त्याहून धाडसी, कारण मग ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं.

पॅड आणि लायनर आपण बदलतो, ब्रेक ऑइल मात्र कुणी बदलत नाही. संपलं की वरून ओततात. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. नवं कोरं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ठरावीक प्रमाणात पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५. उकळलं की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कणकुंबीच्या पावसाचं वर्णन आपल्याला वेगळं करून सांगायला नको, त्या हवेत फिरणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरायचं. डॉट ३ की ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढाही नाही.

आता त्या जागेची गोष्ट, जिच्यावरून आमच्या घरात दोन महिने अबोला होता.

पाच सीटच्या ईकोला मागे भरपूर मोकळी जागा आहे. ती बघून प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो. काकांच्या मनातही आला. त्यांनी ओळखीच्या एका दुकानात बाकडं करून घ्यायचं ठरवलं होतं, समोरासमोर दोन, रेक्झिनच्या गादीचं, तीन मुलं आरामात बसतील असं. मापंही देऊन आले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुलदैवताला सगळे एकत्र जाऊया, दोन गाड्या कशाला, पेट्रोल दुप्पट, आणि मुलांना एकत्र मजा. "आम्ही टेम्पोच्या हौद्यात बसून सौंदत्तीला गेलो, कुणाला काय झालं?" काका म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, गाडी माझ्या नावावर आहे म्हणून मी हक्क दाखवतोय.

माझ्या नको म्हणण्याची कारणं तेव्हा मी त्यांना एका दमात सांगितली, इथे जरा सावकाश सांगतो. ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये ईकोची धडक चाचणी घेतली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, ते ईकोला २०१९ मध्ये मिळालं. म्हणजे मुळात ही गाडी जपून चालवायची गाडी आहे. तिच्यात आपल्याकडे असलेलं एकमेव संरक्षण म्हणजे सीटबेल्ट, आणि त्या बाकड्याला बेल्ट नसणार. बेल्ट लावला तरी तो पत्र्याला बोल्टने धरलेला, धडकेत पत्र्यासकट उपटून येणारा. कंपनी सीटचे आणि बेल्टचे बोल्ट जिथे लावते तिथे आत जाड मजबुती दिलेली असते, दुकानदार ड्रिल करतो तिथे नसते. शिवाय मुलं ज्या जागी बसणार तिथून मागचा दरवाजा वीतभर लांब. मागून ट्रकने साधा धक्का दिला तरी पहिली तीच.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या गोष्टी कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळ्या करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाचं सोडा, अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आपण आयतं कारण देतो. पाच सीटच्या आरसीवर आठ माणसं.

काकांना कायदा पटला नाही. शून्य ताऱ्यांवर ते म्हणाले, "तारे आकाशात." त्यांना थांबवलं काकूंनी. त्यांनी एकच विचारलं, की त्या बाकड्यावर तुम्ही स्वतः बसून घाट उतरून दाखवाल का, पाठीमागे तोंड करून, कशाला न धरता. त्या वर्षी आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. काका दुसऱ्या गाडीत बसले, साखळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बाकड्याची मापं त्या दुकानात अजून असतील.

मागच्या जागेत काहीच करू नये असं मात्र नाही. मी तिथे प्लायवूडची एक खालची फळी ठेवलीय, बोल्ट न मारता, मूळच्या हुकांना पट्ट्यांनी बांधलेली. जड सामान त्या फळीखाली, मागच्या सीटच्या पाठीला लागून. वर फक्त अंथरुणं. कुकर, गॅसची शेगडी, नारळाची पिशवी अशा वस्तू कधीही सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका, जोरात ब्रेक लागला की त्या पुढे येतात आणि वाटेत आपल्या आईचं डोकं असतं. टपावर कॅरिअर लावून त्यावर गोण्या टाकल्या तर ही उंच, अरुंद गाडी वळणावर कशी झुकते, ते एकदा अनुभवलेला माणूस परत टाकत नाही.

आता चढाबद्दल. यात सगळ्यात जास्त खोटं शहाणपण विकलं जातं, म्हणून जरा थांबून.

गाडी घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती केरीहून वर येताना तापू लागली. गावात काही नाही, खानापूर रोडला काही नाही. फक्त घाटात, भरलेली असताना, एसी लावला की. मी पाचशे-सहाशे रुपयांचं ब्लूटूथचं ओबीडी रीडर घेतलं, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावलं आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघू लागलो. सॉफ्टवेअरवाल्याला लॉग मिळाला की निम्मं समाधान तिथेच मिळतं. सपाट रस्त्याला ८८ ते ९२ अंश. मारुती गल्लीच्या गर्दीत उभं राहिलं की ९६ पर्यंत जायचं, फॅन लागायचा, खाली यायचं. घाटात मात्र १००, १०३, १०६, फॅन सारखा चालू आणि तरी खाली येत नाही.

या आकड्यांतून बरंच कळतं, आणि ही गोष्ट प्रत्येक व्हॅनवाल्याने लक्षात ठेवावी. उभ्या गाडीत तापते आणि पळू लागली की थंड होते, तर संशय फॅनवर, त्याच्या मोटरवर, रिलेवर, फ्यूजवर. व्हॅनमध्ये रेडिएटर इंजिनापासून लांब असल्यामुळे हा फॅन विजेवर चालतो, त्यामुळे बिघाड बहुतेक विजेचाच. उभ्या गाडीत ठीक आणि चढाला तापते, तर फॅन निर्दोष, पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाहीये. आणि बाहेर कुठे गळत नसताना कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखं काही दिसतंय, तर हेड गॅस्केट. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.

आमची तिसऱ्यातली नव्हती, दुसऱ्यातली होती. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. हा सल्ला आपल्या भागात फार लोकप्रिय आहे. थर्मोस्टॅट ही छोटी झडप आहे, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की बेळगावच्या डिसेंबरच्या सकाळी इंजिन कितीतरी वेळ थंडच राहतं, कॉम्प्युटर त्याला जास्त पेट्रोल पाजत राहतो, ॲव्हरेज घसरतं, झीज वाढते. आणि मूळ रोग तसाच राहून फक्त उशिरा दिसतो. मी गाडी तिथून काढली आणि उद्यमबागेजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी माझा मोबाइलवरचा आलेख बघितला, छान आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवला. इंजिन गरम करून बंद केलं, फॅनची वायर काढून ठेवली आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खालचा एक कोपरा कोमट. "हितनं पाणीच जाईना की," ते म्हणाले. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलं होतं, वर्षानुवर्षं. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम झाले की भांड्याच्या तळाला बसतात तसे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. बाहेरूनही जाळीत किडे, चिखल, पानं. रेडिएटर बदलला. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघितला, उघडत होता, तरी जुना म्हणून नवा घातला. जमिनीखालचे पाइप बघितले. लोखंडी पाइपांना गंज धरू लागला होता, रबरी जोड कडक होऊन भेगाळले होते. ते चारही जोड आणि क्लिपा बदलल्या. व्हॅनमध्ये हे जोड कुणी बघत नाही, कारण ते गाडीच्या पोटाखाली असतात आणि त्यांच्यावर सतत रस्त्याचा चिखल उडतो.

कूलंट भरताना एक काळजी. पाइप लांब असल्यामुळे या गाड्यांत हवा अडकून राहते. वरून टाकी भरलेली दिसते आणि आत इंजिनाच्या डोक्यात हवेचा गोळा. मिस्त्रींनी गाडीचं नाक चढाला वर करून उभं केलं, हीटरची कळ पूर्ण गरमवर टाकली, इंजिन चालू करून हळूहळू कूलंट ओतत राहिले आणि रबरी पाइप हाताने दाबत राहिले, बुडबुडे थांबेपर्यंत. अर्धा तास लागला. ज्या गॅरेजमध्ये पाच मिनिटांत कूलंट बदलून देतात तिथून निघाल्यावर आठवडाभर टाकीवर लक्ष ठेवा. दोन रंगांची कूलंटं एकत्र ओतू नका. टॉप-अपला डिस्टिल्ड पाणी, बॅटरीला घालतात तेच.

आणि रेडिएटरचं झाकण. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू, पण तिच्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते. साधं पाणी शंभराला उकळतं, दाबाखाली आणि कूलंट मिसळलेलं १२० च्या पुढेही उकळत नाही. झाकणाचं रबर सैल पडलं की दाब जातो आणि चोर्ल्याच्या वरच्या वळणांवर वाफ दिसते. मोठा खर्च करण्याआधी हे झाकण बदलून बघावं.

पुढच्या चढाला त्याच माणसांसकट, त्याच उन्हात, एसी लावून, जास्तीत जास्त ९७ अंश. हा आलेख मी मिस्त्रींना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

तरीही कधी घाटात तापलीच तर काय करायचं, हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. एसी बंद. काचा खाली. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता आत ओढतो. सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ नसेल तर इंजिन मिनिटभर चालू ठेवून आकडा उतरतो का बघा. वाफ दिसली, किंवा आकडा उतरत नसेल, तर बंद करा. मग सगळ्यांना खाली उतरवा, आजीला आधी. आणि इथेच कारवाला आणि व्हॅनवाला वेगळे होतात. घाईघाईत सीट उचलू नका. खाली एखादा पाइप फुटला असेल तर वाफ सरळ तोंडावर येते, आणि शेजारच्या सीटवर कुणी बसलेलं असेल तर त्याच्यावर. तास, पाऊण तास थांबायचं. झाकण हाताला थंड लागल्यावरच, जाड फडकं धरून, आधी पाव वळण. थंड पाणी एकदम ओतायचं नाही. तोवर घरून आणलेले दडपे पोहे संपवता येतात.

उरलेलं थोडक्यात. पुढे बसणाऱ्याला खालून ऊब लागते, ही सगळ्याच व्हॅनवाल्यांची तक्रार. बरेच जण सीटखाली जाड फोम आणि गालिचा कोंबतात. सायलेन्सरच्या पाइपाजवळ फोम म्हणजे पेटायला ठेवलेली वस्तू. ॲल्युमिनियमचा थर असलेलं, आग न धरणारं उष्णतारोधक मिळतं, ते झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि झाकणाच्या कडेचं रबर फाटलंय का ते आधी बघा. निम्मी गरमी तिथूनच येते, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तोही. पेट्रोलचा वास आला तर बाकी सगळं सोडून त्याच दिवशी मिस्त्रींकडे.

उंदरांनाही ती ऊब आवडते. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर चालू करण्याआधी सीट उचलून टॉर्च मारा. आमच्या गल्लीत एका गाडीची इंजेक्टरची वायर त्यांनी खाल्ली होती आणि मालक स्पार्क प्लग बदलत बसला होता.

दिव्यांचा सोस हा दुसरा रोग. मूळ हॅलोजन ६० वॉटचा, बारा व्होल्टला पाच अँपिअर. त्याजागी शंभर वॉटचा लावला की सव्वाआठ अँपिअर. वायर तीच. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीनपट. आधी स्विचमधून जळका वास येतो. शिवाय समोरच्याला दिसेनासं होतं ते वेगळंच. घाटात नीट दिसत नसेल तर हेडलाइटची काच पिवळी पडलीय का बघा, ती घासून साफ करा आणि दिव्यांची दिशा लावून घ्या. बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं.

गोव्याहून परत आल्यावर गाडी वरून सगळेच धुतात. पाइपाने खालून धुवा. खारी हवा आणि ओली वाळू पोटाखाली, चाकांच्या कमानीत आणि दरवाज्यांच्या खालच्या कडांत बसते. त्या कडांना पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा, नाहीतर दरवाजा आतून सडत जातो आणि बाहेर रंगाचा फोड आल्यावरच कळतं. सरकत्या दरवाज्याच्या खालच्या पट्टीत मिरामारची निम्मी वाळू आलेली असते. ती आधी सुक्या ब्रशने काढा, मग केरोसीनच्या फडक्याने पुसा, आणि त्यानंतरच रोलरला पांढरं ग्रीस, अगदी थोडं. वाळू असतानाच ऑइल ओतलं तर ती सँडपेपरसारखी रोलर खाते. आमच्याकडे हे काम मुलीचं आहे. ती सात वर्षांची आहे, बोटं बारीक आहेत, आणि दर वेळी त्या पट्टीत तिला एखादा तरी शिंपला सापडतो.